माइक चालू होता

"नही. माले आवडस नही."

तिसरीतली पोरगी एवढंच बोलली. पण बोलली ती थेट माइकमध्ये, आणि माइकचा भोंगा बांधला होता शाळेच्या निंबाच्या झाडावर, तोंड गावाकडे करून. भोंग्याचं तोंड गावाकडे करायला लावलं होतं खुद्द रुपचंद आबांनी. त्यांनी शाळेला पाण्याचा फिल्टर दिला होता, त्याचं उद्घाटन होतं, आणि आबांचं भाषण घराघरात चुलीपर्यंत पोचलं पाहिजे होतं. तर भाषणाऐवजी हे 'नही' पोचलं. पारावर पोचलं, दूध डेअरीत पोचलं, फाट्यावर धुळ्याच्या गाडीची वाट बघणारे लोकसुद्धा मान वळवून बघायला लागले म्हणे.

झालं असं, की फीत कापायच्या कात्रीचं ताट त्या पोरीच्या, दिपमालाच्या, हातात दिलं होतं. फीत कापली, टाळ्या झाल्या, आबा खुर्चीत बसले आणि बसल्याबसल्या त्यांचं ते नेहमीचं सुरू झालं. आबांची एक खोड सगळ्या गावाला माहीत होती. लहान पोर दिसलं की त्याला धरायचं, मांडीवर ओढायचं आणि आपली वाढलेली दाढी त्याच्या गालावर खसाखसा घासायची, पोर रडेपर्यंत. पोर रडलं की आबा हसायचे. आबा हसले की सगळे हसायचे. गावातल्या निम्म्या लोकांचे गाल लहानपणी आबांनी असेच घासलेले, आणि तेच लोक आता आपापली पोरं पुढे ढकलायचे, जा रे, आबा बोलवतात.

तर एका हातात भाषणाचा माइक तसाच, आणि दुसऱ्या हाताने आबांनी दिपमालाचा दंड धरला. ताट खणकन खाली पडलं. पोरीने पंजा पुढे केला, आबांच्या छातीपुढे आडवा धरला, आणि जे बोलली ते बोलली. मग हात सोडवून घेतला आणि पळाली. आता तुम्हाला वाटेल घराकडे पळाली असेल, आईकडे गेली असेल. नाही. खुर्च्यांच्या मागे पितांबर सर हारांची पिशवी सांभाळत उभे होते, सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, मान वर केली आणि धडा म्हणून दाखवावा तसं स्पष्ट सांगितलं, "सर, आबानी माले धरं. माले आवडस नही."

आणि सर काय म्हणाले? सर हसले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सगळे बघतायत म्हणून आणखी थोडे हसले आणि म्हणाले, "बरं बरं. जा, बस जागेवर."

पोरगी बसली जाऊन. आबा माइकमध्ये हसून म्हणाले, "मजा करी राहिनू रे भो, पोर शे, घाबरी गई." सगळे हसले. फिल्टरचं पाणी पहिल्यांदा आबांना दिलं, मग पाहुण्यांना, मग पोरांना.

ही सगळी गोष्ट त्या 'बरं बरं'ची आहे.

पितांबर सर म्हणजे काय माणूस होता, ते आधी ऐका. निवृत्तीला आलेला, अमळनेरला राहणारा, जुन्या स्कूटरवर रोज गावात येणारा जिल्हा परिषदेचा मास्तर. आणि या माणसाने जन्मात कोणाला नाही म्हटलेलं नव्हतं. अतिशयोक्ती नाही. मतदार यादीचं काम आलं, सरांनी घेतलं. जनावरं मोजायचं आलं, सरांनी मोजली. निवडणुकीची ड्युटी दुसऱ्याची असायची, त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघायचं आणि पेटी घेऊन सातपुड्याच्या पायथ्याला जायचे सर. अमळनेरातच बदली मिळायची पाळी आली तेव्हा दुसऱ्या मास्तरांनी हात जोडले, माझी आई आजारी आहे, सरांनी जागा सोडली. त्या मास्तरांची आई पुढे कितीतरी वर्षं ठणठणीत होती, सर तिच्या पंच्याहत्तरीच्या जेवणालासुद्धा जाऊन आले. आणि लग्नात वरण-बट्टीची पंगत असली की वाढपी मुद्दाम सरांच्या ताटापाशी थांबायचे. हा माणूस पोट फुटलं तरी ताटावर हात आडवा धरणार नाही, हे वाढप्यांनाही ठाऊक. सरांची नाही म्हणायची कुवत फार तर 'बघतो' एवढ्यावर थांबायची, आणि सरांचं 'बघतो' म्हणजे हो, हे सगळा तालुका जाणून होता.

अशा माणसावर पोरांना नाही म्हणायला शिकवायची वेळ आली.

शाळा दोन शिक्षकी. बालसुरक्षेचं प्रशिक्षण नूतन मॅडम जळगावला जाऊन घेऊन आल्या होत्या, तक्ता आणला होता, सगळं त्याच शिकवणार होत्या, आणि त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. केंद्रप्रमुखांचा फोन आला, उपक्रम याच आठवड्यात झाला पाहिजे, फोटो टाकायचे आहेत. सर म्हणाले, बघतो.

वर्गाचं दार लोटून, घाम पुसत पुसत सरांनी तो तक्ता भिंतीला लावला. तक्त्यावर मुलगा-मुलगीचं चित्र, बाजूला तीन गोष्टी लिहिलेल्या. मोठ्याने नाही म्हणा. तिथून निघून जा. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. सरांनी वाचून दाखवलं, पोरांनी मागे म्हटलं, सगळी मिळून एका सुरात 'नाही' म्हणाली, कविता म्हणतात तशी, डोलत डोलत. सरांचं काम झालं होतं खरं तर. फोटो निघाला होता. पण मास्तर शेवटी मास्तर, पोरांना कळलं नाही हे त्याला कळतंच. सर म्हणाले, असं नाही रे, घरी कसं म्हणता? मग एक पोरगी हळूच म्हणाली, नही. सर म्हणाले, मग तसंच म्हणा, आईच्या भाषेत म्हणा, आणि जोरात म्हणा. तेव्हा असा काही 'नही' उठला की व्हरांड्यात खिचडी ढवळणारी बेबाबाई डाव घेऊन दारात बघायला आली.

ती हळूच बोललेली पोरगी म्हणजे दिपमाला. तिनेच पुढे विचारलं, "सर, वळखीना मानूस व्हई ते?"

सरांनी तक्त्याकडे बघितलं. म्हणाले, ओळखीचा असला तरी. काका, मामा, शेजारी, कोणीही असो.

"तुम्ही बी?"

वर्ग हसला. सर थोडे अडखळले, मग म्हणाले, "मी बी."

त्या दिवसापासून सर पोरांच्या डोक्यावर टपली मारायचे ते बंद झाले. शेवटी हाताच्या बोटांचा खेळ होता. प्रत्येक बोट म्हणजे एक विश्वासाचं माणूस, कोणाकोणाला सांगाल ते बोट उघडून म्हणायचं. कोणाची आई, कोणाची मावशी, एकाने तर आपल्या बैलाचं नाव घेतलं. दिपमालाने मूठ वर धरली, आधी अंगठा उघडला आणि म्हणाली, सर. मग बाकीची बोटं उघडली, आई, आजी वगैरे. सरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, घरी जाताना स्कूटरवर गाणं गुणगुणत गेले ते.

आणि त्याच पोरीला ते 'बरं बरं, जा बस' म्हणाले.

संध्याकाळच्या आतच ज्ञानेश्वर भाऊ शाळेत आला. हा शाळा समितीचा अध्यक्ष, आबांचा पुतण्या, भोंगाही त्याचाच. वाईट बोलला नाही, चहा पीत पीत समजावल्यासारखं बोलला. आबा रात्री जेवणार नाहीत म्हणाला. आबांना रस्त्यात लोक विचारतायत, काय झालं हो शाळेत, कोण पोरगी ओरडली. कोणी तर मोबाइलवर तो आवाज टाकलाय, पोरं ऐकतायत आणि हसतायत. आबांचं वय बघा, दानत बघा, गेली पन्नास वर्षं हा माणूस पोरांशी खेळतोय, कधी कोणाची तक्रार नाही. "सर, पोरले समज नही, ते ठीक शे," ज्ञानेश्वर म्हणाला, "पन तुम्हले त समज शे ना? जे माइकवर गयं ते माइकवरच धुवाले जोयजे."

म्हणजे सोमवारी परिपाठाला आबा येणार, खुर्ची टाकायची, भोंगा लावायचा, आणि दिपमालाने सगळ्यांसमोर आबांच्या पाया पडून माइकमध्ये म्हणायचं, चुकलं माझं.

सर म्हणाले, बघतो.

झालं, ठरलं.

मग केंद्रप्रमुखांचा फोन. हे केंद्रप्रमुख गेल्याच आठवड्यात त्या नाही-नाहीच्या फोटोखाली 'उत्कृष्ट उपक्रम' लिहून गेले होते, अंगठ्याची चित्रं टाकून. आता म्हणाले, पितांबर, अरे एवढं खोलात जाऊन कशाला शिकवायचं? उपक्रम होता, उपक्रमासारखा करायचा. ऐका, हे त्यांचे शब्द आहेत. म्हणजे पोरीने चुकून शिकून घेतलं, हा गुन्हा. न शिकती तर उत्कृष्ट होतं.

घरी सरांनी प्रमिलाबाईंना हा किस्सा सांगितला, सरांची बायको, आयुष्यभर सरांच्या 'बघतो'चं ओझं उचललेली बाई. सर जरा गमतीनेच सांगत होते, भोंग्याचं, ताट पडल्याचं, फाट्यावरच्या लोकांचं. प्रमिलाबाई मेथी निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"ती तुमच्याकडेच आली?"

"हो ना. सरळ माझ्याकडेच."

"मग तुम्ही काय बोलले तिला?"

सरांनी सांगितलं. प्रमिलाबाईंनी मेथीची काडी मोडली आणि ताटात टाकली. जेवणात काही बोलल्या नाहीत. टीव्ही लावला नाही. सरांनी दोनदा विचारलं, अगं काय झालं, तर म्हणाल्या, काही नाही, तुम्ही बसा जागेवर.

दुसऱ्या दिवशी शाळेत काय चाललं होतं ते बघा. मधल्या सुट्टीत सर पोषण आहाराचं तांदळाचं पोतं बघायला व्हरांड्यात आले, तर हापशाजवळ पोरांचं रिंगण. मध्ये दिपमाला. चौथीतला भावेश, आबांचा नातू, फळा पुसायचं डस्टर घेऊन तिच्या गालावर घासत होता, आणि बाकीची पोरं आवाज बारीक करून 'नही, नही' करत नाचत होती. खडूने पोरीचा अर्धा चेहरा पांढरा झाला होता. आणि ती उभी होती. हात खाली. पंजा पुढे करत नव्हती, ओरडत नव्हती, पळत नव्हती, सर दिसले तरी सरांकडे आली नाही. एकदा बघितलं सरांकडे आणि नजर खाली घातली.

सरांनी भावेशचा हात धरला आणि विचारलं, काय चाललंय हे. त्याला जराही वाटलं नाही काही. मान वाकडी करून म्हणाला, "मजा करी राहिनू सर."

अगदी तसंच. तोच सूर, शब्द न् शब्द आबांचा. दहा वर्षांचं पोर. सरांनी डस्टर काढून घेतलं, पोरांना वर्गात पाठवलं, भावेशला म्हणाले, समोरचा हसत नसेल तर ती मजा नसते. पोराने ऐकून घेतलं. पण त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं, की कालच तर तुम्ही हसला होतात, सर.

वर्गात सरांनी पुन्हा तो बोटांचा खेळ घेतला. का घेतला, त्यांनाही सांगता आलं नसतं. सगळ्या पोरांनी मुठी वर धरल्या, बोटं उघडत गेली. दिपमालाचा गाल धुतला होता तरी कानाजवळ खडू राहिलाच होता. तिने आई म्हटलं, आजी म्हटलं, बोटं उघडली. करंगळीपर्यंत झालं. अंगठा तळहातात मिटलेला होता, तो तिने मिटलेलाच ठेवला आणि हात खाली घेतला.

सरांनी पुढच्या पोराकडे बघितलं. त्याने काय सांगितलं ते त्यांना ऐकू गेलं नाही.

शाळा सुटल्यावर स्कूटर अमळनेरकडे वळलीच नाही, शेताकडे गेली. दिपमालाचा बाप, नवल, रुपचंद आबांकडे सालदार होता. आपल्याकडे सालदारी कशी असते, माहीत आहे तुम्हाला, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया ते अक्षय तृतीया, वर्षभराचं ठरलेलं, माणूस मालकाचा. घर मालकाच्या जागेत, दूध मालकाच्या गोठ्यातलं, आणि आखाजी जवळ आली की नवीन साल ठरायचं. नवल दादर ज्वारीची कणसं खुडून झालेल्या वावरात कडबा बांधत होता. सरांना बघून उभा राहिला, हाताला लागलेलं झटकलं. सरांनी विचारलं, सोमवारचं तुला कळलं का. नवल म्हणाला, कळलं. मग म्हणाला, "मी तिले सकायेज लई गयथू आबाना घर. पाया पडनी ती."

सरांना वाटलं, म्हणजे मिटलं. नवल म्हणाला, नाही मिटलं. आबांनी पोरीच्या पाठीवर हात फिरवला, गोळी दिली, आणि म्हणाले, इथे पडली ते ठीक, पण गावाने ते 'नही' ऐकलंय, हेही गावाने ऐकलं पाहिजे. पोर एकदा पाया पडून झाली होती, बरं का. तरी पोट भरलं नाही म्हाताऱ्याचं. त्याला ते भोंग्यातून हवं होतं.

सर म्हणाले, तू नाही म्हण ना, नवल. आणि म्हणतानाच त्यांना कळलं आपण कोणाला काय सांगतोय ते.

नवल रागावला नाही. कडब्याच्या पेंढीवर गुडघा दाबून गाठ आवळली आणि म्हणाला, "सर, पोरले शिकाडं, चांगलं करं. पन आमले कोनी शिकाडं नही."

आता बघा, आबांच्या मनात खरंच काही वाईट होतं की नव्हतं, यावर गावात अजून वाद चालतो. कोणी म्हणतं, अरे देवमाणूस, पोरांवर माया. पण कोणी एकाने तरी विचारावं, की पोरीला नको होतं ना? मग तिचं नको कुठे गेलं? बैलाने मान हलवली तर नवल जू उतरवायचा. पोरीने मान हलवली तर तिला दोनदा पाया पडायला लावायचं.

सोमवार आला. खुर्ची टाकली, भोंगा लावला, ज्ञानेश्वरने माइक फुंकून बघितला. गावातले बरेच लोक आले होते, जे एरवी शाळेच्या सभेला बोलावून येत नाहीत ते. आबा आले, पांढरं धोतर, टोपी, दाढी केलेली, चेहऱ्यावर माफ करायला निघालेल्या माणसाचं हसू. नवल मागे भिंतीला लागून उभा. दिपमालाच्या आईने तिला दोन वेण्या घालून, स्वच्छ गणवेश घालून पाठवलं होतं, लग्नाला पाठवतात तशी. पोरगी रांगेत पहिली. ओठ हलत होते तिचे. पाठ करत होती, चुकलं माझं, चुकलं माझं.

प्रार्थना झाली, प्रतिज्ञा झाली. ज्ञानेश्वरने माइक सरांच्या हातात दिला, पोरीचं नाव पुकारा म्हणाला.

सरांनी माइक तोंडाजवळ धरला. भोंग्यातून त्यांचा श्वास आधी गावात गेला. मग सर बोलले, आणि बोलले ते शाळेच्या मराठीत नाही, अहिराणीत. इतकी वर्षं गावात काढली त्यांनी, पण माइकवर कधी अहिराणी बोलले नव्हते.

"दिपमालानी माले सांगं व्हतं," सर म्हणाले. "मी आयकं नही. चूक मनी शे. तिनी नही."

आबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, काढायचं विसरल्यासारखं.

ज्ञानेश्वर माइककडे हात करून म्हणाला, सर, पोरीला बोलवा. सरांनी माइक दुसऱ्या हातात घेतला, त्याच्यापासून लांब. आणि म्हणाले, "नही."

ओरडून नाही म्हटलं. पंगतीत वाढप्याला म्हणायला हवं होतं आणि आयुष्यभर म्हटलं नाही, तसं, ताटावर हात धरल्यासारखं साधं. पण माइक चालू होता.

आबा उठले. काठी घेतली आणि सरांकडे न बघता, पोरांकडे न बघता चालायला लागले. त्यांच्यामागे ज्ञानेश्वर, त्याच्यामागे हळूहळू बाकीचे. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी सरांच्या पाठीवर हात ठेवला नाही, असलं काही मनात आणू नका. नवलही गेला, मालक गेला म्हणजे त्याला जावंच लागलं, पण जाताना रांगेजवळून गेला आणि पोरीची वेणी उगीच सरळ करून गेला. शेवटी पटांगणात पोरं उरली, सर उरले, आणि व्हरांड्यात चुलीपाशी बेबाबाई. सर माइकची वायर गुंडाळत तिच्यासमोरून गेले तेव्हा ती खिचडीतली नजर वर न काढता म्हणाली, "माले बी आवडे नही."

सर थांबले. बेबाबाई साठीला आलेली बाई, याच गावची लेक. ती डाव फिरवत राहिली. सरांनी पुढे विचारलं नाही.

मग व्हायचं ते झालं. दुसऱ्याच दिवशी ज्ञानेश्वर दोन माणसं घेऊन आला आणि फिल्टर काढून नेला. दुरुस्तीला नेतो म्हणाला. नवा कोरा फिल्टर, दुरुस्तीला. आबांच्या नावाची पाटी मात्र आठवणीने आधी उतरवली. भिंतीत स्क्रूची भोकं राहिली आणि त्याखाली ओलीची खूण. सरांविरुद्ध तक्रारीचा एक अर्ज वर गेला, त्यात सर मुलांना मोठ्यांचा अपमान करायला शिकवतात असं होतं, आणि खाली सह्याच सह्या, ज्यांची पोरं शाळेत नाहीत त्यांच्यासुद्धा. केंद्रप्रमुख म्हणाले, पितांबर, मी तुला वाचवू शकत नाही. वाचवायला निघालेच कधी होते ते, हे त्यांनी सांगितलं नाही. सरांना कामगिरीवर काढलं, यावल तालुक्यात, पार सातपुड्याच्या पायथ्याला, रोज जाऊन-येऊन करता येणार नाही इतकं लांब. निवृत्तीला राहिलेला काळ तिकडे खोली घेऊन काढायचा. नवलने आखाजीला आबांकडचं साल धरलं नाही, की आबांनी धरू दिलं नाही, दोन्ही बोललं जातं. तो धुळ्याकडच्या एका गावात दुसऱ्या मालकाकडे लागला. म्हणजे जूनमध्ये पोरगीही शाळेत नसणार.

प्रमिलाबाईंनी ऑर्डर ऐकली, आणि त्या दिवशी टीव्ही लावला. खोलीसाठी गॅस कोणता न्यायचा, ते विचारलं.

सरांचा शाळेतला शेवटचा दिवस सकाळच्या शाळेचा. ऊन आठ वाजताच डोक्यावर आल्यासारखं. सुट्टीत पोरं हापशावर, फिल्टर नव्हताच. हापसा जड, लहान पोरांना एकट्याने दाबता येत नाही, म्हणून मोठी पोरं दाबायची आणि ज्याला द्यायचं त्याला पाणी द्यायची, नाही त्याला नाही. सर उठले, हापशाजवळ गेले, भावेशला म्हणाले, तूही रांगेत लाग, आणि दांडा स्वतः धरला. पोरं एकेक येऊन ओंजळीने पाणी पीत होती. दांड्याची करकर चालू होती.

दिपमालाची पाळी आली. ती धारेपासून जरा लांब थांबली. सर दांडा दाबत राहिले, पाणी पडून वाया जात राहिलं, मागची पोरं कुरकुरली. सरांनी तिला ये म्हटलं नाही. तिच्याकडे बघितलंही नाही, समोर निंबाच्या झाडाकडे बघत राहिले, जिथे भोंगा बांधलेल्या तारेचा वळसा अजून फांदीला होता.

मग ती पुढे आली, वाकली आणि दोन्ही हात धारेखाली धरले. आधी चारच बोटं जोडलेली होती, अंगठे आत. पाणी येत होतं आणि सगळं गळून जात होतं. तिने एकदा हाताकडे बघितलं, मग अंगठे बाहेर काढून बोटांना लावले. ओंजळ भरली.

ती पोटभर प्यायली. सर दांडा दाबत राहिले.